किलीनमधले दगड

५ ऑक्टोबर १९५८

प्रिय मॉर्टी,

इकडे मी ठीक आहे. बर्मिंगहॅमच्या धुरात माणसाला जितकं बरं राहता येतं, तितका तूही बरा असशील. बटाटे काढून झाले. लाल गाय विकली. टाइग गेल्यापासून दोन गायींचं एकटीनं होत नव्हतं. भावाच्या दफनाला तू आला नाहीस, त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

डब्लिनहून एक साहेब आला आहे, किलीनच्या जुन्या आवारातल्या कोरीव दगडी क्रुसांसाठी. बाराशे वर्षांपूर्वी मठातल्या लोकांनी ते कोरले, असं तो म्हणतो. गुरं त्यांना अंग घासतात, पावसानं नक्षी झिजते, म्हणून सगळे उचलून चर्चमध्ये नेणार. पुढच्या सोमवारी.

त्यासाठी शाळेत सभा झाली. साहेबानं विचारलं, "त्या जागेत कुणाला पुरलेलं आहे का?"

पहिल्या बाकावर फादर बसले होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

गोबनेट माझ्या कानाशी म्हणाली, "सांग ना गं."

"तू सांग. तुझी दोन आहेत तिथे."

"माझ्यासमोर फादर बसलेत. तुझ्यासमोर खांब आहे, तुझं काय जातंय?"

तेवढ्यात मागून डॅन शेहीन ओरडला, "माझी शेळी आहे साहेब तिथे! माझ्या बायकोपेक्षा गुणी होती." सगळे हसले. डॅनचा मुलगा तिथे आहे, तुला माहीत आहे. साहेबही हसला आणि म्हणाला, चला, म्हणजे अडचण नाही.

मीही हसले, मॉर्टी.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. आमचं बाळ बाप्तिस्मा होण्याआधीच गेलं, म्हणून त्याला चर्चच्या दफनभूमीत जागा मिळाली नाही; अशी सगळी लेकरं किलीनमध्येच जातात. पहाटे तुम्ही दोघं भाऊ पेटी घेऊन किलीनला गेलात. मी खाटेवर होते, मला उठायची परवानगी नव्हती. परत आल्यावर टाइग एवढंच म्हणाला, "एका क्रुसाच्या पायाशी ठेवलंय." कुठल्या, ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. इतकी वर्षं एका ताटलीतले बटाटे सोलून खाल्ले, पण विचारलं नाही. आता विचारायला तूच उरलास.

काल जाऊन आले. काही क्रूस वर्तुळात कोरलेले आहेत, काहींची टोकं वळलेली, एकाला नुसत्या दोन रेघा. प्रत्येकापाशी उभी राहिले. आईला आपोआप कळेल असं वाटलं होतं. कळलं नाही.

तुला लिहायचं नसेल तर लिहू नकोस. नुसता क्रूस काढून पाठव. सोमवारच्या आत मिळाला तर साहेबाला सांगेन, एवढा एक राहू दे. फादरांसमोर सांगेन.

तुझी वहिनी,
हॅना


२६ ऑक्टोबर

प्रिय मॉर्टी,

तुझं पत्र आलं. दगड आधीच हलले होते. माझं पत्र तुझ्या जुन्या खोलीवर पडून राहिलं, त्याला तू काय करणार?

चित्र चांगलं काढलं आहेस. वर्तुळ आणि खालचा तुटका कोपरा. चर्चमध्ये शिरल्याबरोबर ओळखला. माझ्या कमरेएवढाही नाही.

साहेबाला विचारलं, हा कुठे उभा होता? त्यानं कागद चाळले. बिचारा कानापर्यंत लाल झाला. "बाई, असे दगड लोकांनी इकडचे तिकडे केलेलेच असतात, म्हणून जागा टिपल्या नाहीत. खाली कुणी नाही असं तुम्हीच सगळे म्हणालात. म्हणून ट्रॅक्टर आत घातला."

त्याचं चुकलं नव्हतं.

टाइगनं अंगातला कोट काढून पेटीभोवती गुंडाळला, हे तू लिहिलंस. मला त्यानं सांगितलं होतं, जत्रेत हरवला. नवा कोट होता. हिवाळाभर मी त्याला बोलत राहिले. दारू पिऊन विसरला असशील, म्हणाले. तुझ्या आईसमोरही म्हणाले. तो चुलीकडे तोंड करून बसायचा.

रविवारी मिस्साची प्रार्थना झाल्यावर फादरांनी रांगेनं सगळ्या क्रुसांवर पवित्र पाणी शिंपडलं. गोबनेट म्हणाली, "बघ हॅना, दगडांना तरी पाणी मिळालं." कुजबुजली नाही, मोठ्यानं म्हणाली. फादरांचा हात थांबला. मग ते पुढच्या दगडाकडे गेले.

मी उठून बाहेर पडले, ती थेट किलीनला गेले. सगळा चिखल आहे. चाकांच्या खोल चाकोऱ्या आणि त्यांत साचलेलं पाणी. कुठेही पाय ठेवला तरी कुणाच्या तरी लेकरावर पडेल असं वाटलं, म्हणून फाटकाशीच उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. डॅन शेहीन कुंपणापलीकडून जात होता. त्यानं टोपी काढली. या वेळी शेळीचं काही बोलला नाही.

मॉर्टी, एकदा ये. घरी नाही आलास तरी चालेल. मी चहा विचारणार नाही, टाइगचं काही विचारणार नाही. बोटीतून उतर आणि सरळ किलीनला चल. फाटकातून कसे आत गेलात, किती चाललात, समुद्र कुठल्या हाताला होता, फावडं कुठे मारलंस, ते तुझ्या पायांना आठवेल कदाचित. नसेल आठवत तर अंदाजानं उभा राहा. कुठेही उभा राहा. मी तीच जागा मानीन.

येण्याआधी कळव.

हॅना