उरलेला नट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा गाड्यांचे शॉकॲब्सॉर्बर खोलून नव्याने बांधणे, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. परवा सकाळी माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. डोके शाबूत आहे, आठवण नको इतकी चांगली आहे आणि माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणणारा एकच माणूस होता, माझे यजमान (यापुढे 'हे'), आणि ते सहा वर्षांपूर्वी वारले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखेही काही नाही.

वकीलबाईंनी बजावले आहे, "साधं लिहा. कलमं पाडा. आणि ज्याला काही देताय त्याला साक्षीदार करू नका, नाहीतर त्याचं देणं बाद होईल." आज रविवार. सकाळचे साडेदहा झाले आहेत. बाहेर लेक गाडी धूत आहे, चार वाजता ती गाडी फेरीला काढणार आहे. तोवर हे उरकायचे आहे.

कलम पहिले. वर्कशॉप आणि त्यावरच्या दोन खोल्या माझ्या लेकीला. फाटकाजवळची खोली माझे धाकटे दीर हयात असेपर्यंत त्यांची. ते तिथे पंक्चर काढतात आणि उजवा पाय ओढत चालतात, त्यांना जिना नको. माझ्या नणंदेला या घरातले काहीही देऊ नये. हे गेले त्याच आठवड्यात तिने टेप आणून आमच्या लोखंडी कपाटाची उंची मोजली होती. कपाटही लेकीलाच.

कलम दुसरे. बँकेत जे काही उरेल तेही लेकीला. भांडायला समोर दुसरे कोणी नाही.

कलम तिसरे. माझी हत्यारे. लोकांना अजून वाटते की या वर्कशॉपचे शॉक हे बांधत. हे काउंटरवर बसत आणि गप्पा छान मारत. पडद्यामागे टेबलावर चाळीस वर्षे मी बसले. दांडी घासून बघणे, सील बदलणे, तेल मोजून भरणे, शॉक उभा धरून हवा निघेपर्यंत पंप करणे, सगळे माझे. टॉर्क पाना, वाईस, सील बसवायच्या नळ्या लेकीला. मायक्रोमीटर शेजारच्या लेथवाल्यांकडे आहे, अकरा वर्षांपूर्वी 'दोन दिवसांसाठी' नेला होता. तो त्यांनी परत करावा. ते या कागदावर साक्षीदार आहेत, म्हणजे ठेवून घ्यायची सोयच उरली नाही.

टेबलाच्या खणात काय काय आहे ते यादीत यावे म्हणून खण उघडला. एक ऑईल सील, दोन वॉशर, पितळी ब्रश, आणि प्लॅस्टिकच्या डबीत एक नवा कोरा नट.

हा नट इथे असायला नको.

पाणी प्याले. आता लिहिते, म्हणजे हात कामाला लागतील.

गाडी लाल आहे, दोन माणसांची, लेकीपेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. भंगारातून यांनी आणली, उभी मी केली. गेल्या महिन्यात लेकीने तिचे इंजिन पुरे केले आणि म्हणाली, "आई, शॉक तूच बांध. तुझ्याशिवाय कोणाचा हात लावायचा नाही मला." चारही शॉक मी बांधले. प्रत्येकाच्या आत, दांडीच्या टोकाला पिस्टन असतो आणि तो एका नटाने आवळलेला असतो. त्या नटाच्या आत नायलॉनची कडी असते. एकदा खोलला की ती कडी ढिली पडते. तोच नट पुन्हा लावला तर दिसायला घट्ट बसतो, आणि हजार खड्ड्यांनंतर हळूहळू फिरून निघतो. म्हणून दर वेळी नवा. चार शॉकना चार नवे नट. मग एक उरला कसा?

दुकानदाराने जास्तीचा टाकला असेल. किंवा चारपैकी एकात मी जुनाच लावला असेन. माझ्या बोटांची टोके वर्षभर बधिर आहेत. टोचले तरी कळत नाही. हे मी लेकीला सांगितलेले नाही, कारण सांगितले असते तर शॉक माझ्याकडे आलेच नसते. जुन्या नटाच्या कडीचा ढिलेपणा बोटालाच कळतो, डोळ्याला नाही.

साडेअकरा. बाहेर जॅक लागल्याचा आवाज आला. लेक गाडीखालचे स्टँड काढते आहे.

कलम चौथे. माझी शिलाई... नाही. हे काय चालवले आहे मी? नट समोर पडला आहे आणि शिलाई मशीन कोणाला द्यायची ते लिहीत बसले आहे. बाहेर जाऊन दोन शब्द सांगायचे, बस. 'एक नट उरलाय, गाडी काढू नकोस.' पण लेक माझ्यासारखीच आहे, कारण विचारल्याशिवाय गप्प बसणार नाही. एका नटाने काय होते हे मला इतके नेमके कसे माहीत, ते ती विचारेल. आणि फाटकाजवळ भाऊजी बसलेले आहेत.

कलम पाचवे. लाल गाडी निम्मी लेकीला, निम्मी भाऊजींना. का, ते माझ्यानंतर सर्वांना कळावे म्हणून इथे लिहिते.

आमच्या वर्कशॉपची एक रीत होती. ज्याने शॉक बांधले त्याने पहिल्या फेरीला ड्रायव्हरच्या शेजारी बसायचे. आपल्या कामावर आपला जीव ठेवायचा. एकोणीस वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक लाल गाडी बघायला आले. हे म्हणाले, "शॉक बघा, माझ्या हातचे आहेत." मी पडद्यामागे उभी होते. त्या दिवशी माझे डोकेच फिरले. भाऊजी फेरीला निघाले तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, चला, बसा." मी यांच्याकडे बघत म्हटले, "ज्याच्या हातचे आहेत त्याला बसवा." हे गिऱ्हाइकाबरोबर गप्पा मारत उभे राहिले. भाऊजी एकटे गेले.

उताराच्या दुसऱ्या वळणावर गाडीचा मागचा भाग सुटला आणि ती कठड्यावर गेली. भाऊजी दवाखान्यात पडल्या पडल्या सांगत होते, "मागचा डावा शॉक गेला, दादा. मी चाळीसवर होतो." हे म्हणाले, "ऐंशीवर असशील. माझ्या शॉकला नाव ठेवू नकोस." तेव्हापासून भाऊजींच्या हातात कोणी किल्ली दिली नाही. रुग्णालयाच्या गाडीवरची त्यांची नोकरी गेली. ठरलेले लग्न मोडले.

मोडकी गाडी घरी आली त्याच दुपारी मी तो शॉक काढून टेबलावर खोलला. पिस्टन तळाशी पडला होता आणि नट तेलात सुटा. जुना नट होता. नवे यायला दोन दिवस लागणार होते आणि यांना गिऱ्हाईक सोडायचे नव्हते. मी म्हटले असते, 'होत नाही,' तर टळले असते. मी जुना लावला. आणि तो सुटलेला बघितल्यावर काय केले? तेल पुसले, नवा नट लावला, शॉक बंद केला आणि जागेवर चढवला. नंतर इन्शुरन्सचा माणूस आला, त्याने शॉक दाबून बघितला. ठणठणीत. मी मूग गिळून बसले.

देवाशप्पथ, रोज वाटायचे की आज सांगेन.

एक वाजून दहा मिनिटे. हे वाक्य लिहिले आणि माझे मलाच दिसले की मी काय करते आहे. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. लेक चारला निघणार आहे.

बाहेर जाऊन आले. आता सहा वाजले आहेत. पुढचे त्याच कागदावर लिहिते.

लेक चाके आवळत होती. मी म्हटले, "गाडी काढायची नाही. चारही शॉक उतरव."

"आई, काहीतरीच काय! आत्ता चढवलेत."

"एक नवा नट उरलाय."

"मग उरला तर उरला. मीच पाच मागवले होते, एखादा हरवतो म्हणून."

"मला बोटांना कळत नाही गं, वर्षभर. उतरव."

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मग भांडली नाही, पाना उचलला. दोन पुढचे, दोन मागचे. एकेक वाईसमध्ये धरून तिने खोलला, नट माझ्यासमोर फिरवून बघितला. पहिला नवा. दुसरा नवा. तिसरा मी तिला दोनदा फिरवायला लावला. तोही नवा. चौथाही नवा. सगळे जागच्या जागी, माझ्याच हाताने नीट आवळलेले.

"झालं समाधान?" लेक म्हणाली. मग माझा चेहरा बघून म्हणाली, "आई, तू एवढी घाबरलीस कशाला?"

भाऊजी हवा भरायची नळी हातात धरून दारात उभे होते. तिथेच, त्यांच्यासमोर, मी सगळे सांगितले. वर लिहिले आहे तेच, त्याच क्रमाने, काही न गाळता.

भाऊजींनी नळी खाली ठेवली आणि म्हणाले, "म्हणजे मी चाळीसवरच होतो." मी मान हलवली. ते म्हणाले, "मलाच वाटायला लागलं होतं वहिनी, की असेन ऐंशीवर. एवढे सगळे म्हणतायत म्हणजे असेनच." मग त्यांचा आवाज चढला. "एकोणीस वर्षं रोज तुमच्या हातचा चहा घेतला मी!"

मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "ते माफी-बिफी राहू दे. मला जमणार नाही." आणि पाय ओढत फाटकाकडे गेले. मला वाईट वाटले आणि हलकेही वाटले, आणि हलके वाटले याची लाज वाटली.

साडेपाचला लेथवाले सहीसाठी आले, मायक्रोमीटर न घेता. मी कागद वाचायला घेतला तेव्हा भाऊजी परत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. पाचवे कलम संपल्यावर म्हणाले, "ते निम्म्या गाडीचं खोडा."

"का हो? तुमचा हक्क आहे."

"गाडी नको मला. मला साक्षीदार करा."

मी म्हटले, "साक्षीदाराला काही घेता येत नाही भाऊजी. खोलीही जाईल."

लेक म्हणाली, "खोली कुठं जातेय? मी आहे ना."

"खोडा म्हणतो ना," ते म्हणाले. "माझा शब्द कोणी खरा धरला नाही इतकी वर्षं. या कागदावर धरा."

म्हणून पाचव्या कलमातली भाऊजींची निम्मी गाडी आणि पहिल्या कलमातली त्यांची खोली मी स्वतः खोडली आहे. दोन्ही ठिकाणी बाजूला माझी सही आहे. बाकी मजकूर तसाच ठेवावा, एक ओळही गाळू नये. ऑपरेशननंतर मी उठले तर पहिल्या फेरीला लेकीच्या शेजारी मी बसेन. न उठल्यास कोणी बसायचे ते लेकीने ठरवावे.

हे सर्व मी समजून उमजून लिहिले, दोन्ही साक्षीदारांसमोर वाचले आणि त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: वर्कशॉप, पडद्यामागचे टेबल.
दिनांक: मार्चचा दुसरा रविवार, संध्याकाळी साडेसहा.

सही: लिहून देणार, शॉक बांधणारी

साक्षीदार पहिले: शेजारचे लेथवाले. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मायक्रोमीटर उद्या आणून देतो.

साक्षीदार दुसरे: वहिनींनी माझ्यासमोर वाचून माझ्यासमोर सही केली, हे मी डोळ्यांनी पाहिले. त्या दिवशी मी चाळीसवर होतो. सही, धाकटा दीर. धंदा: ड्रायव्हर.