होकायंत्रातली पूर्व

८ जानेवारी
रनाळ्याला आलो. चार दिवस दगड फोडायचे! भूशास्त्राचं शेवटचं वर्ष, तरी सर सांगतात — दगडाशी बोला. आमच्या वर्गापेक्षा दगड बरे.

जोडीला गजाला. तिचे अब्बा बोअरच्या गाडीवर मजुरी करतात, म्हणून बाईसाहेब स्वतःला पाण्यातल्या तज्ज्ञ समजतात.

होकायंत्र तर कमाल — तबकडीवर पूर्व-पश्चिम उलटी छापलेली! कॉलेजने भंगारातून उचललं असणार. सरांना वीस वर्षांत कळलं नाही! त्यांना कशाला सांगा! प्रत्येक मोजमाप मनात सुलटं करून वहीत लिहायचं ठरवलं.

९ जानेवारी
डाइकची दिशा मोजली. जमिनीच्या भेगेत लाव्हा थिजून झालेली काळी भिंत ही. टेकडीवर दिसते, खाली शेतात मातीआड जाते. मी एकतीस मोजमापं घेतली. गजाला एक डोळा मिटून भिंतीच्या रेषेत नुसती उभी! गाढवाला गुळाची चव काय.

१० जानेवारी
शेत जमनाबाईंचं. पाणी दोन किलोमीटरवरून डोक्यावर आणतात. विहीर एकदाच खणणं जमेल म्हणाल्या. भिंत जमिनीखालचं पाणी अडवते, म्हणून तिच्या चढाच्या अंगाला खणायचं. सर मला म्हणाले, "दामिनी, जागा तू सांग."

जमनाबाई म्हणाल्या, "बेटी, तू शिकेल शे. तू सांगशी तठेच हीर खंदसू."

माझ्या नकाशात भिंत बोरीखालून जाते. गजाला म्हणे, चिंचेकडून. डोळ्यांनी नकाशे होत नाहीत, असं तिला सगळ्यांदेखत सुनावलं आणि बोरीजवळ चुन्याची फुली मारली. ती जमनाबाईंचा हंडा उचलून त्यांच्या मागे गेली.

११ जानेवारी
परत. पाय सुजलेत.

१९ जानेवारी
तोंडी परीक्षा. सर नकाशा बघून हसले. तबकडीवर पूर्व-पश्चिम मुद्दामच उलटी असते — काटा जागीच राहतो, आपल्याबरोबर फिरते ती तबकडी! पहिल्या वर्षाचा पहिला तास. तेव्हा मी मामेबहिणीच्या लग्नात मिरवत होते.

म्हणजे सुलटीच होती ती मोजमापं मी उलटी केली, एकतीसच्या एकतीस चुकीची. भिंत चिंचेकडूनच जाते. नकाशा उद्या सुधारेन, पण जमनाबाईंची विहीर? फोन करायची हिंमत होत नाही.

२० जानेवारी
केला फोन. विहीर चिंचेजवळच चालली आहे, ओलही लागली. मला काही कळेना. जमनाबाई म्हणाल्या, "तुन्ही मैतरीन सांगी गयी ना — दामिनी म्हणस, चिंचना जोडे खंदा."

मी 'हो' म्हणाले. लाज वाटते आहे.