ब्रेक लावलेल्या थोरलीसह घाट चढल्याबद्दल

१. मंगळवारी सकाळी नव्या इंजिनाची घाटावर चाचणी झाली. पुढे एकच इंजिन, मागे भरलेली मालगाडी.
२. नव्या इंजिनाच्या पाठीला तुमचे जुने इंजिन, म्हणजे थोरली, जोडले होते, बंद अवस्थेत. तिला घाटापलीकडच्या प्रशिक्षण केंद्रात पोचवायचे होते.
३. अट अशी होती की गाडी चढावर थांबता कामा नये आणि वेग ताशी वीस किलोमीटरच्या खाली जाता कामा नये.
४. गाडी थांबली नाही. वेग अठरावर आला.
५. समितीने नापास म्हटले.
६. माथ्यावर थोरलीच्या चाकांतून धूर निघताना दिसला.
७. थोरलीचा हातब्रेक आवळलेला होता.

आता रीतीप्रमाणे. तीर्थरूप मामांना भाचीचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मामीचा खोकला थांबला का? इकडे आई दर रविवारी तुमच्या नावाने चिडते, म्हणजे तिची प्रकृती उत्तम आहे. हकिगत आधी आणि नमस्कार नंतर हा क्रम मी मुद्दाम ठेवला. तुम्ही पत्राच्या पहिल्या काही ओळी वाचता, चष्मा कपाळावर चढवता आणि उरलेले पत्र मामीला तोंडी सांगता, आणि ते मी लिहिलेले नसते. फोन केला असता, पण इंजिनाशेजारी आयुष्य काढल्यामुळे तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येत नाही त्याला तुम्ही "बरं" म्हणता. या विषयात मला नुसते "बरं" पुरणार नाही.

आपला वाद तुम्हाला ठाऊक आहे, तरी तुमची बाजू प्रामाणिकपणे मांडते. तुमच्या मते मालगाडीचे खरे इंजिन थोरलीच्या पिढीपर्यंतच तयार झाले. पुढे जे आले ते टीव्ही. (चालकासमोर पडदा आहे एवढाच या नावाला आधार आहे.) थोरली सव्वीसशे अश्वशक्तीची, नवे साडेचार हजारांचे, यावर तुम्ही म्हणता की घोडे मोजून बैलाचे काम होत नाही. मी म्हणते की हाच भार घाटावर न्यायला तुमच्या काळी पुढे दोन आणि मागून रेटायला एक अशी तीन इंजिने लागत, आणि तिघांपैकी एकाचे तरी काहीतरी बिघडलेले असे. तुम्ही म्हणता, बिघडायचे पण दुरुस्तही व्हायचे. मोटारींचे कार्बनचे ब्रश झिजायचे, ठिणग्या उडायच्या, आणि थोरली पंधरवड्याला शेडमध्ये माहेरपणाला यायची. नवीच्या मोटारींत ब्रशच नाहीत, ती तीन महिने इकडे फिरकत नाही. यावर तुमचे उत्तर, "माहेरी न येणारी पोरगी सुखात असतेच असं नाही." या वाक्याला तांत्रिक उत्तर नाही, म्हणून मी दिले नव्हते. मामीने मात्र एकदा नेमके विचारले होते की डिझेल जाळून वीज करायची आणि त्या विजेने चाक फिरवायचे, हा द्राविडी प्राणायाम कशाला? तेव्हा तुम्ही म्हणालात की भरलेल्या गाडीला पहिला हिसका थेट गिअरने दिला, तर गिअरचे दात पडतील आणि चालकाचेही. हे उत्तर बरोबर होते. तुमचे जे बरोबर असते ते मी नाकारत नाही.

चाचणीला एवढे महत्त्व का, तेही सांगते. घाटावर एका इंजिनाने गाडी न्यावी ही शिफारस माझी होती. पास झाली तर नव्या इंजिनांना घाट मिळणार. नापास झाली तर त्यांनी सपाटीवर रिकामे डबे इकडून तिकडे ढकलायचे, आणि मी भांडारात बसून नटबोल्ट मोजायचे. (मोठ्या साहेबांनी हे फार सौम्यपणे सांगितले. "तिथे पंखा चांगला आहे," म्हणाले.) थोरलीला गाडीत जोडायची कल्पनाही त्यांचीच. गाडी जातेच आहे, तर हिलाही घेऊन जा. मी हरकत घेतली नाही. तिचे वजन हिशेबात धरले. तिचा विरोध धरला नाही.

सोमवारी संध्याकाळी तुम्ही तिचा निरोप घ्यायला आलात. पास मीच काढला होता. गाडीची तपासणी दुपारीच उरकली होती आणि सगळे ब्रेक मोकळे असल्याची सही तपासनिसाने केली होती. त्यानंतर थोरलीवर कुणी चढायचे कारण नव्हते. तुम्ही चढलात. मी खाली यार्डमास्तरांशी बोलत होते, आणि तुम्हाला तिच्यापाशी एकटे सोडावे असेही मला वाटले. बऱ्याच वेळाने तुम्ही तळवे पुसत उतरलात आणि म्हणालात, "काटेकोरबाई, हिला ओढताना उद्या तुझ्या टीव्हीला घाम फुटतो की नाही बघ." मी ते मत म्हणून ऐकले. ती सूचना होती हे मला माथ्यावर कळले.

चाचणीत चालवायला तुमचाच चेला होता. समितीचे अध्यक्ष पाठीमागच्या घडीच्या खुर्चीवर, गुडघ्यावर फाइल घेऊन बसले होते. चढ सुरू झाल्यावर चेला हळूच म्हणाला, "मॅडम, मागून कुणीतरी पदर धरल्यासारखं वाटतंय." मी म्हटले, आकडे बघा. तो म्हणाला, "आकडेही तेच म्हणतायत." अध्यक्ष म्हणाले, "वाटण्याला या फॉर्मात रकाना नाही." वेग वीसच्या खाली गेला आणि त्यांनी पेनाचे टोपण काढले. मामा, तेव्हा मी पडद्याकडे बघत होते, आणि पडद्यावर जे दिसत होते ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. सहाही मोटारी पूर्ण ताकदीवर. एकीचेही तापमान मर्यादेबाहेर नाही. वळणावर रूळ ओले होते, तिथे चाक घसरू पाहायचे आणि इंजिन ते आपले आपण सावरायचे. चेल्याला हातही हलवावा लागला नाही. (तुम्ही हे कानाने करायचात. मान्य. पण तुम्हाला दोनच कान होते, आणि चाके बारा.) अठरावर वेग आला आणि तिथेच ठाम राहिला. दमलेले इंजिन असे वागत नाही. असे वागते ते ज्याच्यावर हिशेबाबाहेरचे ओझे आहे, आणि तरी जे सोडत नाही.

माथ्यावर धूर दिसला तेव्हा अध्यक्ष आधी उतरले, मग मी, मग चेला. थोरलीची चाके तापून निळी पडली होती. हातब्रेकचे चाक इतके आवळलेले की सहायकाला दोन्ही हातांनी हलेना, शेवटी पाइप घालून सोडवावे लागले. चेल्याने ते आवळणे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मग फार वेळ आकाशाकडे पाहत राहिला. एकेका माणसाची पीळ देण्याची पद्धत असते. कुणी लावला, ते मी या पत्रात लिहिणार नाही. हे वाक्य वाचून मामीकडे बघू नका.

रुळावर उभी राहूनच मी हिशेब केला. ब्रेक मोकळा असता तर वेग एकवीसच्या खाली गेला नसता. म्हणजे साडेचार हजारांच्या एका इंजिनाने तीन इंजिनांचा भार, वर पाय रोवून बसलेली थोरली, असे सगळे मिळून एकट्याने, न थांबता माथ्यावर नेले. एवढी कडक चाचणी घ्यायचे धाडस मला झाले नसते. आणि न्यायाने हेही लिहायला हवे: थोरलीचा ब्रेक सबंध घाटभर धरून राहिला. एकदाही सुटला नाही. जुन्या इंजिनांची विश्वासार्हता मला पूर्ण पटली, जरा गैरसोयीच्या जागी. आपण दोघेही जिंकलो, मामा. फक्त मी जास्त जिंकले.

मामीला नमस्कार. गुडघ्याला शेक चालू ठेवा.

तुमची भाची

ता. क. १: अध्यक्षांना हिशेब मान्य आहे, हकिगत मान्य नाही. त्यांचे म्हणणे असे की वेग उतरताना पाहून, ते फाइलीत डोके घालून बसलेले असताना, आमच्यापैकीच कुणीतरी चढावर मागे जाऊन ब्रेक लावला. नापास होणाऱ्या मुलीने पेपरावर शाई सांडावी तसा. ब्रेक आदल्या संध्याकाळीच लागला होता हे सांगणारा माणूस हवा, आणि नव्या इंजिनांची बाजू घेण्याचा ज्याच्यावर कुणी आळ घेणार नाही असा हवा. मी सर्व नावे तपासली. एकच उरते. सुनावणी येत्या सोमवारी आहे.

ता. क. २: तुमच्यावर ठपका येणार नाही. इंजिनातून उतरताना हातब्रेक लावायचा, हा नियम आजही तोच आहे. तुम्ही तो पाळलात. निवृत्तीनंतरही पाळायचा की नाही, याबद्दल नियम काही बोलत नाही.

ता. क. ३: मामीचा मला कालच फोन आला होता. सोमवारी रात्री जेवताना तुम्ही तिला, "आवळून आलोय, आता ती कुठे जात नाही," असे सांगितलेत म्हणे. तुम्ही आला नाहीत तर ती साक्षीला यायला तयार आहे, साडीही काढून ठेवली आहे. ती फक्त ब्रेकविषयी बोलून थांबेल याची हमी मी देऊ शकत नाही.

ता. क. ४: पत्र मालगाडीच्या गार्डकडे देत आहे. उत्तर त्याच्याच हाती द्या. येणार की नाही, एवढेच लिहा. पण गुरुवारपर्यंत कळवा.