पान एकशे बारा

प्रिय उर्वी,

तुझ्या चौथ्या प्रकरणाचा मसुदा मंगळवारी मिळाला. वर तू चिठ्ठी चिकटवली होतीस, ‘ताई, बेधडक लाल पेन चालवा आणि पीएचडी पार पडायचे जेवढे उपाय माहीत असतील तेवढे लिहून पाठवा.’ आज रविवार. पाच दिवस हे पत्र मी मनातल्या मनात लिहितेय आणि खोडतेय. फोन केला असता, पण तू लगेच “ताई, काय झालं?” विचारशील आणि मी “कुछ नहीं गं” म्हणून मोकळी होईन. म्हणून कागद. मध्येमध्ये हिंदी घुसेल, ती सांगलीच्या मुलीने चालवून घ्यावी. आम्ही चार पिढ्यांचे इंदूरकर, आम्हाला स्वतःलाही कळत नाही कुठे मराठी संपली.

आधी कामाचं. एकेचाळीस मुलाखती झाल्या आणि त्यातल्या सव्वीस अजून कागदावर उतरल्याच नाहीत, हे वाचून मला घाम फुटला. मुलाखत झाली की दोन दिवसांत लिहून काढायची, नंतर आवाज राहतो पण त्या बाईचा चेहरा आठवत नाही. मोबाईलमधल्या ॲपवर विसंबू नकोस. आपल्या बायका एका दमात मराठी, हिंदी आणि माळवी बोलतात, ते ॲप त्याचं भलतंच काहीतरी करून ठेवतं. स्वतः ऐक. बाई कुठे थांबली, कुठे उगाच हसली, तेही लिही. रोज अर्धं पान डायरी ठेव, आज काय ऐकलं आणि ऐकताना तुला स्वतःला काय झालं याची. गाइडने बोलवायची वाट बघू नकोस, दर पंधरा दिवसांनी दोन पानं हातात घेऊन स्वतः जा, पानं वाईट असली तरी. रिकाम्या हाताने गेलं की ते सहा नवी पुस्तकं सांगतात, मग महिनाभर वाचन चालतं आणि काम चाललंय असं वाटत राहतं. आणि आता मुलाखती बंद कर. बेचाळिसावी बाई काही तुझं प्रकरण लिहून देणार नाही. सिमरोलच्या हॉस्टेलवर त्या खोलीत एकटी बसून राहू नकोस. शनिवारी इंदूरला ये, पोहे खा, माणसांत बस.

हे सगळं तुला कुणीही सांगेल. एक गोष्ट मात्र मी दिवाकर सरांखेरीज कुणाला सांगितली नाही. ते माझे गाइड, म्हणून त्यांना सांगावीच लागली. तुला ठाऊक आहे, माझा विषय होता मिल बंद पडल्यावर मराठी घरांतल्या बायकांनी घर कसं चालवलं. बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत बेबीमावशी राहायच्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, सदानकदा कामात. यजमान मिलमध्ये टाइमकीपर होते, ते वारल्याला बरीच वर्षं झाली होती. मी चार वेळा गेले. चौथ्या वेळी प्रश्न संपले, मी वही मिटली, मावशींनी चहा टाकला. रेकॉर्डर ओट्याजवळच्या स्टुलावर चालूच राहिला. मी मुद्दाम ठेवला नव्हता, पण लक्षात आल्यावर बंदही केला नाही, हे तुला खरं सांगते.

चहा गाळताना त्या बोलल्या. संपाच्या वर्षी वरच्या साहेबाने त्यांच्या यजमानांकडे पुढारीपण करणाऱ्यांची नावं मागितली होती. यजमानांना ती लिहवेना, म्हणून यादी मावशींनी लिहिली. अक्षर चांगलं होतं ना त्यांचं. अकरा नावं. त्यातली दोन समोरच्याच घरातली. महिन्याभरात अकराही जणांना काढून टाकलं. पुढची तीस वर्षं मावशी त्या समोरच्या घरी हळदीकुंकवाला जात राहिल्या, त्यांच्या सुनांची बाळंतपणं त्यांनी काढली. “आता कुणाला सांगू, बाई?” म्हणाल्या आणि मला कप दिला.

मी घरी आले ती जवळजवळ धावत. मला वाटलं, माझा प्रबंध सापडला! नाव बदललं, ‘श्रीमती क’ केलं, मिलचं नाव गाळलं आणि त्यावर एक लेख छापून आणला. नाव बदललं की माणूस लपतो, इतकी मी भाबडी होते. ‘टाइमकीपरची पत्नी, बडा गणपतीचा परिसर, सुंदर हस्ताक्षर.’ इंदूरच्या मराठी माणसांना अजून काय लागतं? कुणीतरी तो लेख इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, मोठ्या कौतुकाने, ‘आपली क्षितिजा’ म्हणून.

चौथ्या दिवशी मावशींचा मुलगा नंदू माझ्या कॉलेजात आला. हातात छापलेली पानं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. खुर्चीच्या कडेला बसून म्हणाला, “मॅडम, मी आईला विचारलं. ती म्हणते, मी असं काही बोललेच नाही. तुम्ही सांगा, हे माझे बाबा आहेत का?” रेकॉर्डर माझ्या पर्समध्ये होता. बटण दाबलं असतं तर मी खरी ठरले असते. मी म्हटलं, “नाही, नंदूभाऊ, ते दुसरं घर आहे, दोन-तीन घरांचं मिसळून लिहिलंय.” त्याने पानांची घडी केली. त्याला पटलं की पटवून घ्यायचं होतं, देव जाणे.

संध्याकाळी मी मावशींकडे गेले. त्यांनी जाळीचं दार उघडलं नाही. आतूनच, अगदी मायेने म्हणाल्या, “तू चांगली पोर आहेस गं. पण आता येऊ नको. तुझं काम झालं ना?”

मी ती एकोणीस पानं प्रबंधातून काढली. दिवाकर सर भडकले, “इतका मजबूत डेटा कोणी फेकतं का?” प्रबंध आठ महिने लांबला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, हे प्रकरण इतकं किरकोळ का, तेव्हा मी मान खाली घालून “संशोधनाच्या मर्यादा” असं काहीसं पुटपुटले. पदवी मिळाली. छापलेला लेख मात्र परत घेता आला नाही. पुढे एकदा राजवाड्याजवळ मावशी दिसल्या आणि मला पाहून रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. म्हणून सांगते, उर्वी, फॉर्मवर एकदा सही घेतली की संमती झाली असं समजू नकोस. लिहून झालं की ते पान घेऊन त्या माणसाकडे परत जा आणि विचार, हे राहू दे का? आणि कुणी नाही म्हणालं तर कारण विचारू नकोस.

बघ, हे लिहिताना मी तीनदा उठले. उगाच गॅलरीत गेले, वाळलेले कपडे पुन्हा झटकले. समीर पलीकडच्या खोलीत मिक्सर उघडून बसलाय, मघाशी विचारून गेला, “किती मोठं पत्र चाललंय?” आता मात्र लिहितेच. तुझ्या मसुद्याचं पान एकशे बारा. ‘सहभागी क्रमांक सात, महाविद्यालयात प्राध्यापिका, पती बँकेत, सासरे पक्षाघाताने अंथरुणावर.’ गेल्या हिवाळ्यात तुमच्या कॅम्पसच्या हिरवळीवर मी तुझ्याशी दोन तास बोलले. रेकॉर्डर समोरच होता, तू काहीच चुकली नाहीस. मीच कधी नव्हे ते बोलून गेले की अकरा वर्षांपूर्वी पुण्याच्या नोकरीचं पत्र आलं होतं, मी ते परत पाठवलं आणि घरी सांगितलं की निवड झाली नाही. पत्र मी फक्त सासऱ्यांना वाचून दाखवलं होतं, त्यांची वाचा गेली होती म्हणून. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलं. समीरने तेव्हा माझी किती समजूत काढली! अजूनही चार लोकांत सांगतो, “त्या पुणेवाल्यांना हिची कदर नव्हती.” मी हसते. तू लिहिलंयस, ‘हा संसार एका न बोललेल्या रागावर उभा आहे.’ ते वाक्य खरं की खोटं, हे पाच दिवस मला ठरवता आलेलं नाही. आणि ते मी एकटीने ठरवायचं नाही, इतकंच आज कळलंय. समीरला समोर बसून सांगायला तोंड उघडत नाही. म्हणून हे पत्र मी लिहिलं तुला, पण आधी देणार त्याला. तुझ्या हातात पडलं, तर त्याने वाचलंय असं समज. तोवर ते पान तुझ्या सरांना दाखवू नकोस. पुढे मी काढ म्हटलं, तर काढशील ना?

तुझीच,
क्षितिजाताई

उर्वी, वाचलं. दोनदा वाचलं. पाकिटावर पत्ता मीच घालतोय, उद्या पोस्टात टाकेन. ती आत झोपल्याचं नाटक करतेय. अजून तिच्याशी बोललेलो नाही. सकाळी बोलेन. पान एकशे बाराचं आम्ही दोघं सिमरोलला येऊन सांगू. — समीर