तिन्ही बरण्यांत वरचाच गाळ

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. हात चिखलाने इतके जड होतात की पेन धरवत नाही. कॉलेज अर्ध्यात सोडून भाऊ काय दिवे लावतोय असं कुणी विचारलं तर सांग, बंदराच्या पोटात नळी खुपसतोय. ड्रेजरने गाळ उपसण्याआधी तो कसा आहे ते तपासावं लागतं. लांबलचक नळी तळात ठोकायची, वर काढायची, आतल्या गाळाचे वरचा, मधला, खालचा असे तीन भाग करायचे आणि तीन बरण्या प्रयोगशाळेत द्यायच्या. चांगला निघाला तर वाळवून भरावाला जातो, वाईट निघाला तर बंदिस्त तळ्यात.

दिवसभर लाँचवर उभं राहून अंगाचं भुसकट होतं. तरी संध्याकाळी बरण्या घेऊन धावतो, कारण प्रयोगशाळेत त्या हातात घेते ती. पाचला ती घरी निघते. काल दोन नंबरच्या गोदीत नळी अर्ध्यातच अडली. पुन्हा ठोकायची म्हणजे तासभर. लाँच चालवणारा सारंग म्हणाला, नवरदेव, घड्याळ नको, नळी बघा. माझं डोकंच फिरलं. त्याला चार शब्द सुनावले आणि वरच्याच गाळाने तिन्ही बरण्या भरल्या. चिखल तो चिखल! पाचला पाच कमी असताना पोचलो. ती हसली, ताई. थकवा पळाला असं लिहिणार होतो, पण पोटऱ्या अजून ठणकतायत.

लोभ आहेच, माझ्या आळसाने आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

१७ एप्रिल

चि. तापोबास,
अनेक आशीर्वाद.

प्राध्यापकांच्या टेबलावर वही आपटून निघालास त्या दिवसापासून मी तुझ्या चांगल्या बातमीची वाट बघत होते. ती तुझ्याकडून नाही, डंपरमधून आली. आमच्या शाळेचं मैदान म्हणजे बशी, तुला ठाऊकच आहे. पाच महिने पाणी, उरलेले महिने खड्डे. आता भरणी सुरू झाली आहे. कागदावर लिहिलंय, दोन नंबरच्या गोदीतला, तपासलेला गाळ. मी शिक्षकखोलीत ठणकावून सांगितलं, तपासणारा माझाच भाऊ! मुख्याध्यापिका चक्क हसल्या. पोरं तर आत्ताच ढिगाऱ्यावर लोळतात, कितीही ओरडा.

माझा घसा वह्या तपासता तपासता बसला आहे. घसा बसायला वह्या कशा कारण, असं विचारू नकोस. दर वहीमागे एकाला ओरडावं लागतं. तुझ्या 'ती'ला नाव गाव विचारलंस का, की नुसत्याच बरण्या पोचवतोस?

जेवत जा. माझा जीव तिकडेच असतो हे विसरू नकोस.
तुझी ताई

२६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शाळेत फोन करून 'पोरांना ढिगाऱ्यावरून उतरव' एवढंच ओरडलो. बाकी इथे लिहितो.

तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं, तो गाळ कुठे जाऊन पडलाय ते. त्या गोदीत पूर्वी जहाजं दुरुस्त व्हायची. बुडाला शिंपले चिकटू नयेत म्हणून लावलेला विषारी रंग वर्षानुवर्षं खरवडून पाण्यात पडला. तो खाली दडलाय. वर नुसता नवा, स्वच्छ गाळ. म्हणून तर तीन बरण्या लागतात. निकाल आला तेव्हा ती म्हणाली होती, तिन्ही बरण्या तिळ्यांसारख्या कशा? मी वेड्यासारखा लाजलो. तिने माझ्या भरवशावर सही केली.

मी साहेबांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच आवाज न चढवता. गोदीचा अर्धा भाग उपसायचा राहिला होता, तिथे पुन्हा नळी ठोकायची ठरली. या वेळी ती स्वतः लाँचवर आली. माझ्याकडे बघितलंही नाही. नळी अडली तेव्हा फक्त म्हणाली, पूर्ण खाली. दीड तास ठोकली. खालचा गाळ निघाला तो काळा, त्यात लाल-हिरव्या रंगाच्या खपल्या. तिने तीन बरण्या स्वतः भरल्या आणि स्वतःच उचलून नेल्या.

मला लाँचवरून काढलंय. वाळवणीच्या वाफ्यांवर फावड्याने गाळ उलटा करतो. तिलाही चौकशीला बोलावलंय, माझ्यामुळे. सारंग मात्र रोज 'डबा खाल्लास का' विचारतो.

लोभ असावा असं लिहायचं धाडस नाही. जमल्यास असू दे.
तुझा धाकटा

९ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

डंपर आले आणि सगळं उचलून घेऊन गेले. वर खात्री म्हणून जुनी मातीही हातभर खरवडली. आमची बशी आता वाडगा झाली आहे. पोरांना डॉक्टरांनी तपासलं, सगळी ठीक आहेत. फक्त माझ्यावर रुसली आहेत. अजून दोन वर्षं मैदान नाही.

तुझं जानेवारीचं पत्र काढून पुन्हा वाचलं. सगळं त्यात होतं रे. गोदीचा नंबर, अडलेली नळी, तिन्ही बरण्या. मी दर वेळी 'ती हसली' एवढंच वाचून पत्र मिटत होते. तेव्हा सगळा दोष एकट्याने उचलू नकोस, दमशील. तिला एक चिठ्ठी लिही. माफीची, प्रेमाची नव्हे. उत्तर येणार नाही असं धरूनच लिही.

काल मुख्याध्यापिकांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे बंदरातून कळवलं कुणी? मी म्हटलं, माझ्याच भावाने. गेल्या वेळेपेक्षा हळू म्हटलं, पण म्हटलं.

फावडं धरताना कंबर सांभाळ. लोभ होता तिथेच आहे, तळाशी.
तुझी ताई