नायेलीचे बूट आणि माझा गुडघा

सोमवार, ३ मार्च. सकाळी ६.
आजपासून सुरू. लेकीला, नायेलीला पंधरा पूर्ण होतायत, सव्वीस एप्रिलला समारंभ. आमच्याकडची रीत अशी, की भर हॉलमध्ये बापानं लेकीपुढे गुडघा टेकायचा, तिचे सपाट बूट काढून उंच टाचांचे घालायचे, उठायचं आणि तिच्याबरोबर वॉल्ट्झ नाचायचा. टेकायला जमेल. उठण्याचं बघावं लागेल. वजन शंभरीपार. दिवसभर दुकानात बसून किल्ल्या कापणाऱ्याचं एवढं असायचंच.
ठरलं: रोज लोरेतोची टेकडी. तळलेलं बंद. गोड बंद.

संध्याकाळी.
टेकडी पाहून आलो. खालून. आधी चढाचा अभ्यास हवा.

बुधवार, ५ मार्च.
चर्चमध्ये जाऊन कपाळाला राख लावून आलो. ईस्टरपर्यंत उपास. म्हणजे देवच माझ्या डाएटमध्ये सामील झाला. आता काय अडणार?

शुक्रवार, ७ मार्च.
मांसाला शिवलो नाही. कोळंबीची भजी खाल्ली; तळलेली, पण उपासाची. वर कापिरोतादा. पाव, गूळ, चीज, शेंगदाणे, सगळं सात्त्विक. ओबदुलिया म्हणाली की असेच उपास करत राहिलास तर ईस्टरला दारातून बाहेर निघणार नाहीस. बायकोला धर्मातलं काही कळत नाही.

मंगळवार, १८ मार्च.
टेकडी चढलो. पहिल्या बाकापर्यंत. बाक उत्तम आहे. गुडघ्यातून कट्ट आवाज आला. आतून मोकळा होत असणार.

शनिवार, ५ एप्रिल.
केकचा मान, म्हणजे खर्चही, कोम्पाद्रे फेर्मिनकडे, नायेलीच्या धर्मपित्याकडे. तो चवीला तीन नमुने घेऊन आला. एकच खाल्ला असता तर उरलेल्या दोघांवर अन्याय. मोलेचा, म्हणजे मिरची-चॉकलेटच्या दाट रश्श्याचा, मान मावशीकडे. ती पातेलंच घेऊन आली. नको म्हटलं असतं तर पातेलं उचलून चालती झाली असती आणि पाहुण्यांना कोरडा भात वाढावा लागला असता. लेकीसाठी खाल्लं.

रविवार, १३ एप्रिल.
वजन दोन किलो वाढलं. काटा जुना झालाय. सूट अंगाला बसतो, फक्त श्वास घ्यायचा नाही.
दार लावून गुडघा टेकून पाहिला. पलंगाला धरून उठलो. हॉलमध्ये पलंग नसेल. आज पहिल्यांदा भीती वाटली. ओबदुलियाला सांगितलं, सगळं झकास चाललंय. ती बरं म्हणाली.

शुक्रवार, २५ एप्रिल.
आज कडक. फक्त सूप. मग उद्या ताकद लागेल म्हणून मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामालेस. मोजले नाहीत.

रविवार, २७ एप्रिल.
काल समारंभात गुडघा टेकला. डावा बूट घातला, उजवा घातला. टाळ्या. उठायला गेलो तर उठवेना. वाजंत्र्यांनी वॉल्ट्झ सुरू केला. मी मान खाली घातली. बाप रडतोय असं वाटून लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. खरंच रडू आलं होतं.
नायेली वाकली. मिठी मारल्यासारखं करून तिनं माझ्या काखेत हात घातले आणि कानात म्हणाली, "पप्पा, तीन म्हटलं की डाव्या पायावर जोर दे. घाबरू नकोस. महिनाभर मी आईला असंच उठवतेय. तुझ्याएवढं वजन व्हावं म्हणून ती मांडीवर मक्याचं पोतं घेऊन बसायची."
तिनं तीन म्हटलं. मी उठलो.
वॉल्ट्झ संपेपर्यंत तिनं काखेतला हात काढला नाही.