आईचा बिब्बा

तेल्हारा, १४ जानेवारी २००२

ती. भाऊस, आरतीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून आईचा जीव थाऱ्यावर नाही. रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालणारी तुझी लोखंडी गाडी जवानांना घेऊन कालव्यात उतरते अन् तरंगत पलीकडे जाते, हे तिला पटतच नाही. विहिरीच्या पायऱ्यांवर रडणारा तू, नेमका तिचाच ड्रायव्हर झालास!

सोबत काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा आहे. नजर लागू नये म्हणून आपण बैलांना बांधतो तसा गाडीला बांध. हसू नकोस. कपाशीचं विचारू नकोस, यंदाही अळीनं बोंडं पोखरली.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आरती

सीमेजवळून, २ फेब्रुवारी २००२

चि. आरतीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. बिब्बा मी डोक्यावरच्या झाकणाच्या आतल्या मुठीला बांधला होता. सरावात कालव्याच्या काठाशी झाकण ओढून घेतलं, तेव्हा तो रबरी कडेत अडकला. मला कळलंच नाही. गाडी पाण्यात शिरली अन् मानेवर गार धार आली. झाकण उघडावं तर सगळा कालवा आत येणार. मागे जवान बसलेले. आरती, मी फार घाबरलो. पाणी उपसणारे पंप चालू होते म्हणून वाचलो. पलीकडे गेल्यावर सराव घेणाऱ्या उस्तादांनी बिब्बा काढून माझ्या हातात दिला.

पंधरवड्यात पुन्हा उतरायचंय, याहून मोठ्या पाण्यात. मागच्या दारांनाही अशीच रबरी कड आहे. तिथं फट राहिली तर पंपही पुरणार नाहीत. आईला एवढंच सांग की बिब्बा पावला. खोट्याचं पाप माझ्या माथी.

लिहीत जा, तेवढाच धीर येतो.

किशोर

तेल्हारा, १० फेब्रुवारी २००२

ती. भाऊस सा. न. वि. वि.

बिब्बा पावला, असं मी आईला सांगितलं. कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली. आज तिच्या तोंडून कळलं, रामरावांचा ओमप्रकाश, तुझ्याच गाडीत मागे बसणारा, सुटी संपवून परवा बडनेऱ्याहून निघाला. त्याच्याजवळ तिनं आणखी बिब्बे दिलेत. एकानं तुला राखलं, मग मागच्या पोरांनी काय केलं, असं तिचं म्हणणं. किशोरले सांगू नको, तो हासते, मागच्या दाराले गुपचूप बांधजो, असं त्याला बजावलंय.

भाऊ, मी तार केली आहे. कधी पोचेल, कोणी सांगत नाही. यातलं जे आधी हाती पडेल ते वाचून मागची दारं बघ. पाण्यात उतरायच्या आधी बघ.

आई समोर बसून विचारते आहे, एवढं काय लिहून राहिली. तुला कळवायला सांगते, आता तिला बिलकूल भेव वाटत नाही.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
आरती